परक्या मुलखाची भीती

गेली दोन वर्षे आमच्या भागात 'जर्मनी' हा शब्द फार ऐकू येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतले बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात एक करार झाला. तिकडे म्हातारी माणसे वाढली आहेत आणि काम करणारे हात कमी पडत आहेत. इकडे शिकलेले हात काम शोधत आहेत. तेव्हा परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशी दहा हजार कुशल माणसे तिकडे पाठवावीत, असा तो विचार. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने कुशल भारतीयांना वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजारांपर्यंत व्हिसा देण्याचे जाहीर केले. तेव्हापासून तालुक्याच्या गावीसुद्धा जर्मनच्या शिकवणीच्या पाट्या दिसू लागल्या आहेत.

मी निवृत्त शिक्षिका. मिरजेच्या आसपास पस्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला. त्या वेळच्या विद्यार्थिनी आता स्वतः आया झाल्या आहेत आणि त्यांच्या मुली नर्सिंग शिकून बाहेर पडत आहेत. माझी लेक काही वर्षे श्टुटगार्टला होती. श्टुटगार्ट ही या बाडेन-व्युर्टेमबर्गचीच राजधानी. तिच्याकडे मी २०१६ आणि २०१९ साली तीन-तीन महिने राहून आले, त्यामुळे 'बाईंना तिकडचे सगळे माहीत' असा एक समज आहे. मग संध्याकाळी कोणीतरी येते आणि चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलून शेवटी विचारते, "बाई, पाठवू का हो पोरीला?"

पोरीने जर्मनच्या परीक्षा दिलेल्या असतात. इस्पितळाचे पत्र आलेले असते. कागदपत्रांत काही कमी नसते. आडवी येते ती भीती. तिथली माणसे कशी असतील, खाणेपिणे कसे असेल, पोरगी एकटी पडेल, बदलून जाईल, कोणी अपमान करील, परत येणारच नाही... सगळे एकदम.

सहा महिन्यांत कोणताही देश कळत नाही, हे मी प्रत्येकीला आधीच सांगते. पण भीती कशाची वाटते, हे मात्र सहा दिवसांतही कळते. माझे मत असे झाले आहे की आपण जिला 'परक्या मुलखाची भीती' म्हणतो ती एक भीती नसून तीन भीतींचे गाठोडे आहे. एक अनोळखीपणाची, दुसरी आपल्याच मनातल्या उच्चनीचतेची, आणि तिसरी खऱ्या धोक्याची. तिघींवरचा उपाय वेगवेगळा आहे. गाठोडे न सोडता त्यावर 'घाबरू नकोस, सगळी माणसे सारखीच' असे पाणी शिंपडून काही होत नाही.

पहिली घेऊ, अनोळखीपणाची. ही सर्वांत मोठी दिसते आणि सर्वांत सोपी असते.

जर्मन भाषेचेच पाहा. मुली येऊन सांगतात, फार अवघड आहे, प्रत्येक वस्तूला लिंग आहे, तीन-तीन लिंगे आहेत. मी म्हणते, अगं, मग मराठीत किती आहेत? तो, ती, ते. इंग्रजी बोलणाऱ्याला टेबल पुरुष की बाई हा प्रश्नच वेडगळ वाटतो, हिंदी बोलणाऱ्याला नपुंसकलिंग नवे असते; आपण तिन्ही घेऊनच जन्माला आलो. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, हे ऐकून हसू येते. मुलगी नपुंसकलिंगी, हे ऐकून तर राग येतो. पण आपल्याकडे मूल, पोरगे, लेकरू नपुंसकलिंगीच की! आणि शेजारच्या गोव्यात कोकणीत 'चेडूं' म्हणजे मुलगी, तीही नपुंसकलिंगीच.

आकडे घ्या. इंग्रजीत वीस आधी आणि एक नंतर. जर्मन माणूस 'एक आणि वीस' म्हणतो. आपण? एकवीस! तेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असे वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. आकडे उलटे वाचल्याने मुलांचा गोंधळ होतो, ही चर्चा जर्मनीतही आहे. गोंधळसुद्धा सारखाच आहे, म्हणा ना.

वाक्यरचना घ्या. 'कारण मी आजारी आहे' हे जर्मनमध्ये शब्दाला शब्द ठेवून म्हणता येते, क्रियापद शेवटी. इंग्रजीच्या वळणाने शिकायला गेले की मुली अडखळतात. मराठीच्या वळणाने गेल्या की वाट सापडते. तू आणि तुम्ही हा फरकही तिथे आहे. वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस आपण होऊन 'मला तू म्हण' असे सांगतो, तोवर 'तुम्ही'च म्हणायचे. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

सांगायचा मुद्दा हा की अनोळखी गोष्टीजवळ जाताना आपल्या हातात काहीच नसते असे नाही. आपल्या भाषेत, आपल्या घरात जे आहे त्याचा दिवा घेऊन गेले तर बरेच दिसते. श्टुटगार्टला बऱ्याच इमारतींत 'केअरवोखे' नावाची चाल आहे. प्रत्येक बिऱ्हाडाने पाळीपाळीने आठवडाभर सामायिक जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. ज्यांची पाळी त्यांच्या दाराला तशी पाटी लटकते. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून त्या शहरात ही झाडलोटीची सक्ती चालत आली आहे असे म्हणतात. लेकीला सुरुवातीला हे जाचक वाटले होते. मला वाड्यातली अंगण झाडण्याची पाळी आठवली. शेजारीण आपण कोपरा झाडला की नाही हे पडद्याआडून पाहते, हेही अगदी तसेच!

तिथे भेटल्यावर लोक 'ग्र्यूस गोट' म्हणतात. त्यात देवाचे नाव आहे, आपल्या रामरामसारखे. त्यांच्या बोलीची बाकीचे जर्मन थट्टा करतात, आणि त्या राज्याने स्वतःच १९९९ पासून एक जाहिरात केली होती की आम्हाला सगळे येते, फक्त प्रमाण जर्मन बोलता येत नाही. सातारी-कोल्हापुरी बोलणाऱ्याला हे चटकन कळेल. आणि तिथले घरगुती जेवण म्हणजे लिन्झेन आणि श्पेट्झले. लिन्झेन म्हणजे मसूर. श्पेट्झले म्हणजे कणकेचे उकडलेले लहान तुकडे. बरोबर सॉसेज असते, ते बाजूला ठेवले की ताटात जे उरते त्याला माझ्या सासूबाई वरणफळे म्हणाल्या असत्या. फोडणी नव्हती, एवढेच.

असो. पण इथेच एक धोका आहे. साम्ये सापडली की आपण म्हणतो, 'बघा, सगळे आपल्यासारखेच आहे.' ते खरे नाही. जे आपल्यासारखे नाही तेही पुष्कळ आहे, आणि भीती तिथेच दबा धरून असते. तिथे साम्याचा दिवा पुरत नाही. तिथे कारण विचारावे लागते.

रविवारी दुकाने बंद. अपवाद थोडे. पहिल्या रविवारी माणूस चिडतो, घरात दूध नाही आणि सगळे शहर कुलूप लावून बसले आहे! पण रविवारच्या विश्रांतीला त्यांच्या राज्यघटनेचेच संरक्षण आहे. दुकानात उभी राहणारी बाईसुद्धा त्या दिवशी आपल्या घरी असावी, हा त्यातला एक विचार आहे. हे कळल्यावर गैरसोय संपत नाही, शनिवारी आठवणीने दूध आणावेच लागते. पण 'ही कसली विचित्र माणसे' हे वाक्य मनातून जाते.

किंवा आपला 'बघू' घ्या. आपल्याकडे 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा नाही. ते ऐकणाऱ्यालाही कळते, कोणाचे मन मोडत नाही. जर्मन माणसाला 'बघू' म्हटले तर तो दोन दिवसांनी विचारतो, "बघितलेस का?" तो उद्धट नसतो. त्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो. तो स्वतः 'नाही' म्हणतो तेव्हाही आपल्याला थोबाडीत मारल्यासारखे वाटते, पण त्याच्या लेखी ते उत्तर असते, अपमान नसतो.

इस्पितळात हे फार महत्त्वाचे ठरते. आपल्या मुली मोठ्यांनी काही सांगितले की आदराने मान डोलावतात. वर्गात साठ मुलांनी एका सुरात 'होऽऽ बाई' म्हणायची आपली रीत, तिचाच हा भाग. पण औषधाचे प्रमाण सांगितले जात असताना न कळता मान डोलावणे रोग्याच्या जिवावर बेतू शकते. तिथे 'मला समजले नाही, पुन्हा सांगा' असे म्हणणारी नर्स कच्ची ठरत नाही, भरवशाची ठरते. हे कारण एकदा उमगले की तोंड उघडायचे धैर्य येते.

म्हणून पहिल्या भीतीवरचा माझा उपाय दोन शब्दांचा आहे: भाषा आणि 'का?'. 'का?' विचारण्याइतकी भाषा यावी आणि विचारताना मनात भांडण नसावे. कारण कळले म्हणजे गोष्ट आवडलीच पाहिजे असे नाही. ती वेगळी राहते. फक्त अंगावर येत नाही.

आता दुसरी भीती. ही सहसा कोणी उघड बोलत नाही.

चहाचा दुसरा कप झाला की आवाज खाली येतो. "बाई, तिकडे म्हणे नर्सला म्हाताऱ्यांना आंघोळी घालाव्या लागतात. संडासचं भांडं द्यावं लागतं. एवढं शिकवलं ते यासाठी का?" हे खरे आहे. आपल्याकडे रोग्याजवळ घरचे माणूस राहते; पुसणे, भरवणे, कपडे बदलणे ते करते, नाहीतर मावशी करतात. नर्स सलाइन, इंजेक्शन, नोंदी पाहते. जर्मनीत नातेवाईक भेटायच्या वेळेला येऊन जातात. रोग्याचे अंग पुसण्यापासून सगळे परिचारिकेच्या कामात धरलेले आहे. पुष्कळ भारतीय नर्सना तिथे पोचल्यावर पहिला धक्का बसतो तो याचा.

याचेही कारण आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे अंग पुसताना त्याच्या पाठीला जखम होऊ घातली आहे का, पायाला सूज आहे का, श्वास कसा चालला आहे, बोलणे कालच्यासारखेच आहे का, हे सगळे शिकलेल्या डोळ्याला दिसते. म्हणून ते काम शिकलेल्या माणसाकडे आहे. पण मला वाटते, इथे नुसते कारण सांगून भागत नाही. कारण ही भीती जर्मनीची नाहीच. ती इथूनच बरोबर गेलेली आहे. कोणते काम कोणी करायचे, कोणत्या कामाने माणूस खाली जातो, याची जी उतरंड आपण डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या वाहतो, ती तिथे कोणी ओळखत नाही. आणि आपल्याला वाटते की आपला अपमान झाला! प्रत्यक्षात आपल्या उतरंडीचा झालेला असतो.

इथे मला इरावती कर्वे यांची आठवण होते. 'युगान्त' लिहिणाऱ्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस, विशीतल्या इरावतीबाई बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे पुढे नाझींचे समर्थक झाले. युरोपीय गोऱ्यांच्या कवटीची ठेवण बाकीच्यांपेक्षा वेगळी, त्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान आणि तीच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंना त्याच विषयावर काम मिळाले. त्यांनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष मांडला की या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या परीक्षकालाच नको असलेले उत्तर त्यांनी दिले.

मला यात त्यांच्या धैर्याइतकेच त्यांच्या पद्धतीचे मोल वाटते. फरक आहे असे कोणी म्हणाले तर मोजून पाहावे. असला तर असतो. पण फरक ही एक गोष्ट आणि वरखाली ही दुसरी. फिशरांनी दोन्ही एक केल्या. आपणही तेच करतो. 'ते रोग्याला स्वतः आंघोळ घालतात' हा फरक झाला. 'म्हणजे नर्सचे काम तिथे हलके' हे आपण जोडलेले शेपूट. दुसऱ्या भीतीवर तिकडचा कोणी उपाय करू शकत नाही. ती निघण्यापूर्वी इथेच टाकून जावी लागते. विमानात तेवीस किलोच्या वर नेऊ देत नाहीत, हिचे वजन त्याहून जास्त आहे.

आणि परकी माणसे आपल्याकडे आली तेव्हा आपण कसे वागलो, हेही एकदा आठवून पाहावे. मिरजेला वैद्यकनगरी म्हणतात. तिची सुरुवात कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उघडलेल्या मिशन रुग्णालयापासून झाली. परक्या हातचे पाणीसुद्धा न चालण्याचा तो काळ. तरी लोक आले, बरे होऊन गेले, आणि हळूहळू भीतीही गेली.

पुढे आमच्या काळात इस्पितळात 'सिस्टर' म्हटले की ती बहुधा केरळची असे. १९७० च्या दशकात आमच्या वाड्यात अशी एक मल्याळी सिस्टर भाड्याने राहायला आली. वाड्यातल्या बायकांचे सुरुवातीचे दिवस तिच्या खोबरेल तेलाच्या स्वयंपाकाविषयी आणि तळलेल्या माशांच्या वासाविषयी बोलण्यात गेले. 'मद्रासी' या एका शब्दात सगळा दक्षिण भारत गुंडाळायची तेव्हा पद्धतच होती. तिला मराठी कुठे आले म्हणाल? इस्पितळात 'दुखतंय का', 'कुठं दुखतंय', 'झोप लागली का' एवढे आले. बाकीचे आले वाड्याच्या नळावर, हंडा-कळशीच्या रांगेत. एके रात्री वाड्यातल्या एका बाळाला झटके आले, तेव्हा सगळे तिचे दार वाजवायला धावले. दुसऱ्या दिवसापासून माशांच्या वासाविषयी कोणी बोलले नाही. वास तोच होता!

तिने मला एकदा सांगितले होते, "ताई, मला तुम्हा लोकांची भीती नव्हती वाटत. तुम्ही मला घाबरत होता, त्याची वाटायची." हे वाक्य मी जपून ठेवले आहे. नव्या मुलखात जाणाऱ्याला वाटते, भीती फक्त आपल्याला आहे. समोरच्यालाही असते, आणि त्याच्या भीतीचे रूप अनेकदा तुसडेपणाचे असते. नवख्याने हे ध्यानात ठेवले तर बऱ्याच गोष्टी मनाला लागत नाहीत. आणि घरच्यांनी ध्यानात ठेवले तर आपल्या गल्लीत उत्तरेकडून आलेल्या सुताराच्या, गवंड्याच्या मुलाशी आपण कसे बोलतो, याकडेही लक्ष जाईल.

तिसरी भीती खऱ्या धोक्याची. ही टाकायची नाही. हिला मी भीती म्हणत नाही, सावधपणा म्हणते.

सगळी माणसे प्रेमळच भेटतील, अशी खोटी हमी कोणाला देऊ नये. जर्मनीने १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. त्यांना 'पाहुणे कामगार' म्हणत, म्हणजे काम झाले की परत जातील असे गृहीत होते. १९७३ साली ही भरती थांबवली. पण लाखो लोक तोवर तिथे संसार मांडून बसले होते. १९६० च्या दशकात चर्चसंस्थांमार्फत केरळच्या मुली जर्मन इस्पितळांत गेल्या, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही राज्यांनी त्यांचे परवाने वाढवून देणे बंद केले. पुष्कळजणींना सेवा करून परत यावे लागले. २००० साली एका राज्याच्या निवडणुकीत भारतीय संगणक अभियंत्यांना बोलावण्याच्या विरोधात प्रचार झाला. तो करणारा पक्ष ती निवडणूक हरला, हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत मात्र परदेशी लोकांच्या स्थलांतराला कडवा विरोध करणारा पक्ष २० टक्क्यांहून अधिक मते घेऊन दुसरा आला. म्हणजे दार उघडे आहे, पण घरातल्या सगळ्यांना पाहुणे हवे आहेत असे नाही.

तेव्हा या भीतीला माहितीने उत्तर द्यावे. आपली नर्सिंगची पदवी तिथे पूर्ण मान्य होईपर्यंत मदतनीसाच्या पदावर आणि कमी पगारावर काम करावे लागते, मध्ये परीक्षा किंवा काही महिन्यांचे प्रशिक्षण असते. हे किती दिवस चालेल, ते करारात पाहावे. भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा, हे तत्त्व पाळणाऱ्या संस्थांना जर्मनीत सरकारमान्य प्रमाणपत्र मिळते. तेव्हा जो दलाल मुलीकडूनच लाखो रुपये मागतो त्याच्यापासून दूर राहावे. कर्ज काढून, जमीन गहाण टाकून गेलेल्या मुलीला अन्याय झाला तरी 'नाही' म्हणता येत नाही. कराराची प्रत घरी ठेवावी. वंशावरून कोणी अपमान केला तर तक्रार करायची सोय कायद्यात आहे, ती कुठे करायची ते जाण्याआधी माहीत असावे.

आणि हिवाळ्याचे सांगावे. डिसेंबरात तिथे सकाळी आठनंतर उजाडते आणि साडेचारला सूर्य मावळतो. अंधारात कामाला जायचे, अंधारात परत यायचे. त्या दिवसांत घरची आठवण दुप्पट होते. एकटेपणा हा तिथला खरा धोका आहे, माणसांच्या तुसडेपणापेक्षाही. त्यावर तिथली मराठी मंडळे, गणपती, दिवाळी यांचा आधार असतो, आणि तो घ्यावाच. पण सुट्टीचा प्रत्येक दिवस फक्त आपल्या माणसांत काढला तर पाच वर्षांनीही मुलूख परकाच राहतो. आठवड्यातली एक संध्याकाळ तरी तिथल्या माणसांत जावी. गायनाचे मंडळ असते, चालणाऱ्यांचे असते, विणकाम करणाऱ्यांचेही असते. तिथे आपण परदेशी नर्स नसतो, सूर चुकणारी एक बाई असतो. हे फार बरे असते.

राहिला आयांचा शेवटचा प्रश्न. "बाई, पोरगी बदलून जाईल का हो?" बदलेल. मिरजेहून पुण्याला गेलेली बदलते, सासरी गेलेली बदलते. गंमत म्हणजे लग्न करून अनोळखी घरात, अनोळखी माणसांत मुलगी पाठवताना आपल्याला इतका विचार पडत नाही. तिथल्या चालीरीती, तिथले खाणे, तिथली देवघरे, सगळे तिने मुकाट्याने शिकावे, अशीच अपेक्षा असते. आपल्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. नव्या मुलखात रुजण्याचे शिक्षण आपल्या घरांत बायकांइतके दुसऱ्या कोणाचे झालेले नाही. फरक इतकाच की या वेळी ती स्वतःच्या पायावर, स्वतःच्या सहीने चालली आहे. म्हणून मला 'पाठवू का' हा प्रश्नच पटत नाही. पाठवायला ती काही टपालातले पार्सल नव्हे. ती जाते आहे. आपण तिला बळ द्यायचे की ओझे, एवढेच आपल्या हातात आहे.

येणाऱ्या प्रत्येकीला मी आता एक काम सांगते. मुलगी जर्मन शिकते आहे ना? मग रोज रात्री जेवताना तिच्याकडून तुम्ही दोन शब्द शिका. पाणी, भाकरी, आई, बरे वाटते का, काळजी घे. महिन्याचे साठ होतात. उच्चार चुकले तर पोरगी हसेल, हसू द्या. त्या साठ शब्दांनी तुम्हाला जर्मनीत काही करता येणार नाही. पण उद्या फोनवर तिच्या मागे कोणी जर्मन बोलत असेल, तेव्हा तो आवाज तुम्हाला नुसता गलका वाटणार नाही. त्यातला एखादा शब्द ओळखीचा लागेल. आईची भीती तेवढ्याने उणावते, आणि आईची उणावली की लेकीची निम्मी जाते, हे मी शाळेच्या पहिल्या दिवशी रडणारी मुले पाहून सांगते. दाराशी उभी असलेली आई डोळे पुसायची थांबली की मूल आत जाऊन बसते.